खार, काच आणि कमळजा

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल अकबराच्या साऱ्या मुलखाची मोजदाद करत होता. कोणत्या सुभ्यात किती सरकारं (म्हणजे जिल्हे), किती परगणे, वसूल किती. वऱ्हाड सुभ्यातल्या मेहकर सरकारपाशी आल्यावर त्याची लेखणी लोणारला जराशी रेंगाळली. 'आईन-ए-अकबरी'त तो सांगतो की हे मोठं पवित्र स्थान, ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात, चहूबाजूंनी उंच डोंगर आणि मध्ये खाऱ्या पाण्याचं खोल तळं. वरच्या अंगाला एक झरा आहे आणि त्याच्या तोंडाशी बैल कोरलेला आहे, हेही तो टिपतो. आणि त्याच दमात लिहितो की काच आणि साबण करायला लागणारा माल इथं निघतो, त्याचं उत्पन्नही बरंच येतं.

तीर्थ आणि महसूल शेजारी शेजारी. मला हा कारकुनी हिशेब फार आवडतो. लोणारवर हल्ली जे छापून येतं त्यात एक तर नुसती उल्का असते, नाही तर नुसतं देऊळ. खार, म्हणजे तळ्याकाठी फुटणारा सोडा, मधल्या मध्ये गळून जातो. आणि खार सोडला तर लोणारच्या कुठल्याच गोष्टीचा दुसऱ्या गोष्टीशी मेळ लागत नाही, असं माझं मत आहे.

आमचं गाव सुलतानपूरच्या अंगाला. आम्हा लोकांना लोणार म्हणजे तालुक्याचं ठिकाण. सातबारा काढायचा, फेरफाराची चौकशी करायची, बाजार करायचा, संध्याकाळच्या आत परत फिरायचं. घराघरांच्या मागं एवढा मोठा खड्डा आहे याचं अप्रूप पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना. बसस्थानकावरचा चहावाला तर 'सरोवर कुठं आहे?' असं विचारणाऱ्याकडं मानही वर न करता हातानंच दिशा दाखवतो.

उल्का आदळून झालेला हा खड्डा मात्र खरंच अचाट आहे. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आत-बाहेर. काठ आजूबाजूच्या रानापेक्षा वीसेक मीटर उंच उठलेला, त्यामुळं जवळ जाईपर्यंत पुढं काय आहे याचा पत्ता लागत नाही. सोयाबीन, तूर, एखादं पडीक, जराशी चढण, आणि एकदम पायाखालची जमीन संपते. खाली गर्द झाडी आणि झाडीच्या मधोमध हिरवट पाणी. हिरवेपणा शेवाळासारख्या अतिसूक्ष्म जिवांचा. त्यातलाच एक प्रकार स्पिरुलिना या नावानं गोळ्या करून शहरांत औषधाच्या दुकानात विकतात. वाऱ्याची दिशा फिरली की सडक्या अंड्यासारखा वास येतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि फोटो काढतात.

पाण्याचं बघायचं तर आधी वरच्या पाण्याकडं बघावं लागतं. काठाच्या वरच्या अंगाला धार आहे. गोमुखातून बारमाही पाणी पडतं, गोडं, चक्क पिण्याजोगं. हे पाणी काशीहून येतं असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत. ते येतं इथल्याच रानातून. उल्केच्या दणक्यानं काठाचे काळ्या दगडाचे थर उचलले गेले, तडकले, वाकले. त्या भेगांत पावसाचं पाणी मुरतं आणि उताराला वाट मिळेल तिथं बाहेर फुटतं. धारेवर आंघोळ करायची, पापहरेश्वराला पाणी घालायचं, मग खाली उतरायचं, असा यात्रेकरूंचा जुना क्रम. सीतान्हाणी नावाच्या कुंडाचं पाणीही अशाच झऱ्याचं.

आता हे गोडं पाणी ओघळत खाली जातं आणि खारं होतं. का? तर तळ्यात यायला पाण्याला वाटा आहेत, बाहेर पडायला एकही नाही. ना नदी, ना नाला. जायचं ते फक्त वाफ होऊन. दगडातून झिरपताना प्रत्येक थेंब थोडं सोडियम, थोडा चुना, थोडं मीठ सोबत आणतो आणि वर जाताना नुसतं पाणी जातं. गुऱ्हाळावर कढईत रस आटतो तसं हे हजारो वर्षं उन्हावर आटत आलंय. चुना लवकर साखळून तळाशी बसतो, सोडियम बसत नाही, ते पाण्यातच राहतं आणि साठत जातं. म्हणून हे पाणी समुद्रासारखं नुसतं खारट नाही. ते सोड्याचं आहे, बुळबुळीत, हाताला साबणासारखं लागणारं. शुद्ध पाण्याचा सामू (पीएच) 7, लोणारचा 10 च्या आसपास.

उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठाच्या चिखलावर पांढरं फुटायचं आणि लोक ते गोळा करायचे. नुसतं 'खार' म्हणून भागत नव्हतं. डल्ला वेगळा, पापडी वेगळी, भुसकी वेगळी. ढेकळं कोणती, पापुद्रा कोणता, भुगा कोणता आणि कशाला काय भाव, हे गोळा करणाऱ्याच्या हाताला कळायचं. कोणता खार साबणाला, कोणता कापडाचा रंग पक्का करायला, कोणता बांगड्यांच्या काचेला. निजामाच्या काळात आणि पुढं इंग्रजांच्या काळातही या खारावर सरकारचा डोळा होता. काचेला सोडा लागतो याचं कारण साधं आहे. वाळू नुसती वितळवायला गेलं तर 1700 अंशांच्या वर आच लागते, ती कुठल्या कासाराच्या भट्टीला झेपणार? सोडा घातला की वाळू पुष्कळ कमी आचेवर पाझरते. वऱ्हाडातल्या बायकांच्या हातातल्या कितीक हिरव्या बांगड्यांना लोणारच्या चिखलाचा आधार असेल, याचा हिशेब अबुल फजलनं ठेवला नाही.

खाली पाण्याच्या काठाशी कमळजा देवीचं देऊळ आहे. नवरात्रात तिची यात्रा भरते. पोरवयात मी आजीसोबत उतरलो होतो. तेव्हा रस्ता म्हणजे झाडीतली पायवाट, गोटे निसटायचे, चपला हातात. आजीनं देवीची ओटी भरली, हळद-कुंकू वाहिलं, आणि तिच्या पदराला हळद लागली. मग ती पाण्यापाशी गेली, पाय बुडवले, पदराचा डागाचा कोपरा पाण्यात भिजवून चोळला. पिवळा डाग माझ्या देखत लाल झाला. रक्ताचा असतो तसा नाही, विटकरीसारखा. मी घाबरलो. आजी म्हणाली, "भेतो काऊन बापा? देवीनं हळदीचं कुंकू केलं."

पुढं शाळेत गुरुजींनी हळदीचा कागद करून दाखवला. टिपकागदाला हळद चोळायची, वाळवायचा, त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. लाल झाला तर पाणी अल्कधर्मी. वर्गात बाकीची पोरं 'अरेच्चा!' करत होती आणि मी गप्प होतो, कारण हा प्रयोग मी आधीच पाहिलेला. दृष्ट काढताना आमच्या घरी ताटलीत हळदीत चुना कालवून लाल पाणी करतात ते याच जातीचं. लग्नात हळदीचं धोतर साबणानं धुणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. फरक इतकाच की लोणारला साबण लागत नाही, साऱ्या तळ्यालाच तो गुण आहे.

देवळाजवळच सासू-सुनेची विहीर. एका विहिरीत अर्धं पाणी गोडं आणि अर्धं खारं, असं सांगतात. गोडं कोणाचं आणि खारं कोणाचं हे सांगणाऱ्यावर अवलंबून. सासवा एक सांगतात, सुना दुसरं. तळ्याचं पाणी चढलं की ही विहीर बुडते आणि भांडण त्या वर्षापुरतं मिटतं.

पुराणातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. लवणासुर नावाचा दैत्य इथं भुयारात दडून राहायचा आणि लोकांना छळायचा. विष्णू सुंदर तरुणाचं रूप घेऊन आला, लवणासुराच्या बहिणींनी भाळून भावाच्या दडण्याची जागा सांगून टाकली. देवानं पायाच्या अंगठ्यानं भुयारावरचं झाकण उडवलं, ते कोसांवर जाऊन पडलं आणि तिथं टेकडी झाली. दैत्य मेला, तळ्यातलं पाणी त्याचं रक्त, खार म्हणजे त्याचं मांस. दैत्याला मारणारा तो दैत्यसूदन.

ही कथा ऐकली की हल्ली कोणी ना कोणी पुढं सरसावतो आणि म्हणतो, बघा, आपल्या पूर्वजांना उल्का ठाऊक होती! मला हे काही पटत नाही. उल्का ठाऊक असती तर कथेत ती वरून पडली असती. इथं तर झाकण खालून वर उडालंय. पण त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं, एवढं नक्की. काठ उचललेला आहे, भोवताली दगडांचा चुरा पसरलेला आहे, म्हणजे आतलं काहीतरी बाहेर फेकलं गेलंय. जे दिसलं त्याला शोभेल अशी गोष्ट त्यांनी रचली. भूगर्भशास्त्रज्ञ आज त्या पसरलेल्या चुऱ्याचे थर मोजतात. मोजणं वेगळं, गोष्ट वेगळी. दोघांची नजर मात्र एकाच काठावर गेली.

दैत्यसूदनाचं देऊळ गावात आहे. त्यासाठी उतरावं लागत नाही. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमाराचं काम, उंच जोत्यावर उभं, काळ्या दगडाचं, चुना न वापरता दगडात दगड अडकवून बांधलेलं. आमच्याकडं अशा प्रत्येक देवळाला हेमाडपंती म्हणतात. यादवांच्या हेमाद्री पंडितानं एका जन्मात एवढी देवळं बांधली असतील तर त्याला जेवायला कधी वेळ मिळाला असेल, कोण जाणे. भिंतींवरच्या मूर्तींसाठी लोक जातात, पण मी सांगेन, आत गेल्यावर मान वर करा. छतावर कोरीव काम आहे, त्यात लवणासुराचा वध आहे. उजेड कमी, म्हणून मोबाईलची बॅटरी लागते. मे महिन्यात काही दिवस उन्हाची तिरीप आत मूर्तीपर्यंत पोचते, तेव्हा गर्दी होते. हा योगायोग नव्हे. दार कुठं आणि गाभारा कुठं हे ठरवताना सूर्य कुठून येतो याचा विचार झालेला असणार. हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, कोरायला वाईट. कठीण, आणि मधेच पोकळी लागली की टवका उडतो. त्यात इतकी बारीक नथ, इतकी नीट बोटं कशी काढली असतील?

लिंबी बारवेकडं फारसं कोणी फिरकत नाही आणि मला त्याचा राग येतो. पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरायची दगडी बारव. खारं तळं बुडाशी असलेल्या गावाला गोड्या पाण्याची किती किंमत असणार! धारेला गोमुख बसवणं, कुंडं बांधणं, बारवा खोदणं, हे सगळं पाणी खाली जाऊन नासायच्या आधी वरच अडवून वापरायचं शास्त्र आहे. देऊळ बांधणाऱ्या हातांनीच हे केलं. आपण देवळाला स्थापत्य म्हणतो आणि बारवेला विहीर म्हणून सोडून देतो.

गावाबाहेर मोठा मारुती आहे, आडवा पडलेला. मूर्तीजवळ होकायंत्र नेलं की काटा ढळतो, म्हणून ही शिळाच उल्केचा तुकडा आहे असं सर्रास सांगितलं जातं. काटा ढळतो हे खरं असेल. पण आपल्या काळ्या दगडातच लोखंडाचे चुंबकी कण असतात, तेव्हा तेवढ्यावरून उल्का सिद्ध होत नाही. एवढ्या वेगानं येऊन आदळलेली उल्का बहुतेक सगळी वितळून, वाफ होऊन जाते. भाविकांनी नमस्कार करावा, मीही करतो.

महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'तही लोणार आहे. चक्रधर स्वामी इथं होते आणि यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीला आला होता. मराठीतल्या पहिल्या गद्य चरित्रात हे गाव तेराव्या शतकातच येऊन बसलंय, तरी आमच्या शाळेत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

उल्केची खात्री व्हायला मात्र विसावं शतक उलटायची वेळ आली. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं या तळ्याची नोंद केली. त्यानंतर बरीच वर्षं हा मेलेला ज्वालामुखी आहे असंच धरून चालले होते, आणि त्यात नवल नाही, कारण भोवतालचा सगळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच. 1896 मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञानं अ‍ॅरिझोनातल्या (आज उल्केचा म्हणून ठरलेल्या) खड्ड्याची आणि लोणारची सारखी ठेवण लक्षात आणून दिली. गंमत म्हणजे अ‍ॅरिझोनाचा खड्डाही त्यानं जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाचाच ठरवला होता.

मग तळाला भोकं पाडून नमुने काढले गेले आणि 1973 मध्ये निष्कर्ष छापून आला. त्या दगडांत मास्केलिनाइट सापडलं. मला या कहाणीतला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो. बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं पांढरट खनिज असतं, त्याचे स्फटिक. त्यावर अतिप्रचंड दाबाची लाट क्षणात आदळली तर स्फटिकाची आतली रचना मोडते, पण बाहेरचा आकार तसाच राहतो. न वितळता त्याची काच होते. ज्वालामुखी कितीही भडकला तरी त्याला असा दाब देता येत नाही. म्हणजे आकाशातून काहीतरी येऊन आदळल्याचा पुरावा काच निघाली. ज्या तळ्याचा खार काच करायला जात होता, त्याच तळ्याच्या बुडाशी कुठल्याही भट्टीविना झालेली काच पुरलेली होती.

चंद्रावरचे जे काळे डाग आपण सशाचे म्हणून पोरांना दाखवतो, तेही बेसॉल्टच. त्यावर उल्का पडून झालेले खड्डे तिथं असंख्य. पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये झालेले आणि अजून धड उरलेले असे खड्डे अगदी मोजके, त्यात लोणार अव्वल. म्हणून चंद्राचा आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोक मेहकरच्या गाडीत बसून इथं येतात आणि धारेवर तोंड धुतात. 1979 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं याला राष्ट्रीय भूवारसा ठरवलं, नोव्हेंबर 2020 मध्ये ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं दुसरं.

त्याच 2020 च्या जून महिन्यात, टाळेबंदीत, पाणी गुलाबी झालं. आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर तेच. कोणी म्हणालं कोरोना, कोणी म्हणालं लवणासुर जागा झाला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, नमुने तपासायला पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सांगितलं ते असं: पाणी आटलं, खार दाटला, आणि खारातच पोसणारे हॅलोआर्किया नावाचे गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव बोकाळले. पाऊस पडला, खार पातळ झाला, पाणी पुन्हा हिरवं. रंग बदलला तोही खारानंच.

आता या खारालाच धक्का लागतोय, ही माझी खरी काळजी. गावाचं सांडपाणी उताराला लागतं, आणि उतार कुठं जातो ते सांगायला नको. वेडी बाभूळ आतपर्यंत घुसली होती, ती काढायचं काम झालं, होत राहतं. गोडं पाणी बेसुमार आत आलं तर खार फिका पडेल आणि त्यावर जगणारे ते सूक्ष्मजीव, जे दुसरीकडं कुठं सहज मिळत नाहीत, ते जातील. समृद्धी महामार्ग झाल्यापासून गाड्या वाढल्या. लोक येतात, काठावरून फोटो घेतात, 'वास येतो' म्हणतात आणि तासाभरात शिर्डीच्या वाटेला लागतात. कोणी विचारलं तर मी सांगतो: आधी धार, मग दैत्यसूदन, मग बारव, आणि खाली उतरायचं असेल तर सकाळीच, पाणी सोबत घेऊन, कारण चढताना दम लागतो.

वयाचा घोळ तेवढा राहिला. एका पद्धतीनं, म्हणजे दगड शेवटचा कधी तापला होता ते त्यात साठलेल्या उजेडावरून मोजून, लोणारचं वय आलं सुमारे 52,000 वर्षं. सरकारी फलकावर, गाईडच्या तोंडी बरीच वर्षं हाच आकडा होता. मग 2011 च्या सुमारास आघाताच्या उष्णतेनं वितळलेल्या दगडातल्या आर्गॉन वायूवरून मोजलं तेव्हा निघाली 5,70,000 वर्षं, सत्तेचाळीस हजार इकडं-तिकडं. दहा-अकरा पटींचा फरक.

हे मी आमच्या काकांना सांगितलं. ते बांधावर बसून सोयाबीनच्या शेंगा दाबून बघत होते.

"मंग पक्कं कोणतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काका, आर्गॉनवाल्यांचं मोजमाप जास्त भरवशाचं वाटतंय, वितळलेल्या दगडाचं आहे ते.

"तं तेच लिही," ते म्हणाले. "अन् आपल्या फेरफाराची नोंद लागली का तेवढं तहसीलात पाहून ये. लोणारलेच चालला ना?"